पाठीवरचे इंजिन

जालना जिल्ह्यातील मोसंबीचे नाव तुम्ही ऐकले असेल. येथील मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि बदनापूर येथे या फळाच्या अभ्यासासाठी एक संशोधन केंद्रही आहे. मोसंबीचा आंबिया बहार घेणारे बागाईतदार डिसेंबर महिन्यात झाडांचे पाणी तोडतात. यालाच झाडांना ताण देणे म्हणतात. जानेवारीत पुन्हा पाणी सोडले, की तहानलेल्या झाडांना एकाएकी कोवळी पालवी फुटते आणि तिच्याबरोबर कळ्याही येतात. या पालवीला शेतकरी नवती म्हणतात. नवती दिसायला मोठी सुंदर असते. परंतु तिची वाट पाहणारे इतरही असतात. सायला नावाचा तिळाएवढा किडा नवतीतील रस शोषतो आणि एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडाकडे नेतो. म्हणून नवती फुटल्यावर फवारणीला चार दिवस उशीर झाला, तरी तो बागेला भोवतो.

फवारणीसाठी पाठीवर घेण्याचे एक यंत्र असते. गावात त्याला नुसते ‘पंप’ म्हणतात. त्याच्या सांगाड्यावर एक लहानसे पेट्रोलचे इंजिन बसवलेले असते. ते एक पंखा गरगर फिरवते. पंख्याचा वारा जाड नळीतून जोराने बाहेर पडतो आणि नळीच्या तोंडाशी आलेल्या औषधाचे धुके करून झाडाच्या शेंड्यापर्यंत नेतो. शहरातील बागांमध्ये हिरवळ कापण्याच्या जुन्या यंत्रांवर जे इंजिन असते, त्याच जातीचे हे इंजिन. त्याला टू-स्ट्रोक इंजिन म्हणतात.

अंबड तालुक्यातील एका आजोबांजवळ असा एक पंप होता. 2012 साली मोठा दुष्काळ पडला. जिल्ह्यातील कित्येक बागा जागच्या जागी वाळल्या. त्यात आजोबांचीही बाग गेली. झाडे सरपणाला गेली आणि पंप शेतातल्या आखाड्यावर एका कोपऱ्यात जाऊन पडला. पुढे शेततळे झाले, नवी कलमे लावली गेली, ती मोठी होऊन फळाला आली. मधल्या काळात फवारणीचे काम मागून आणलेल्या पंपावर भागत असे. परंतु नवती सर्वांच्याच बागेत एकदम फुटते. ज्याचा पंप, तो आधी आपली बाग फवारणार, हे ओघानेच आले. अखेर एका जानेवारीत आजोबांनी कोपऱ्यातला पंप बाहेर काढला. इंजिनाची दोरी ओढली, तर ते साधे गुरगुरलेसुद्धा नाही.

घरातील मंडळी म्हणाली, “आता तो भंगारातच द्यावा.” हे म्हणणे वावगे नव्हते. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या मोठमोठ्या भट्ट्या आहेत. ठिकठिकाणचे भंगार तेथे येते, वितळते आणि घरबांधणीच्या सळया होऊन बाहेर पडते. पण आजोबांनी पंप पोत्यात गुंडाळला, सातवीत शिकणाऱ्या नातीला बरोबर घेतले आणि एसटीने जालन्याला एका ओळखीच्या मिस्त्रींच्या दुकानात नेला.

मिस्त्रींनी प्रथम हत्यारांना हात लावला नाही. त्यांनी पंपाची औषधाची टाकी व नळी साबणाच्या पाण्याने दोनदा धुऊन घेतली आणि स्वतःचे हातही धुतले. मुलांनो, ही नुसती स्वच्छता नव्हे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकऱ्यांचे व शेतमजुरांचे प्राण गेले. टाकीच्या तळाशी वाळलेले औषधही विषच असते.

“आबा, हा ठेवून दिला तेव्हा टाकीत पेट्रोल होतं का?” मिस्त्रींनी विचारले.

“असेल थोडंफार. बाग वाळत होती, तेव्हा पेट्रोलकडे कोण बघतो?” आजोबा म्हणाले.

“बरं. आपल्या विहिरीवर पूर्वी ऑइल इंजिन होतं ना? त्याच्यासारखा याचा विचार करू नका. त्याची जात वेगळी, याची वेगळी.”

मिस्त्रींच्या या बोलण्याचा अर्थ समजण्यासाठी आपण क्षणभर इंजिनाच्या पोटात डोकावू. पुण्याजवळ खडकी येथे 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना स्थापन झाला आणि विहिरीवरील मोटेच्या जागी हळूहळू इंजिनाची धडधड ऐकू येऊ लागली. ती इंजिने चार धावांची असतात. सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालीवर होतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याचे जाणे ही एक धाव. पहिल्या धावेत दट्ट्या हवा आत ओढतो, दुसरीत ती दाबतो, तिसरीत जळालेल्या इंधनाचा जोर त्याला खाली ढकलतो आणि चौथीत तो धूर बाहेर काढतो. चार धावांमध्ये कामाची धाव एकच. बाकीच्या तीन म्हणजे तिची तयारी व आवराआवर. पेट्रोल व वायूच्या इंजिनांत ही रीत जर्मनीतील निकोलाउस ओटो यांनी 1876 साली यशस्वी करून दाखवली.

त्यानंतर थोड्याच वर्षांत, दोन धावांत हे सारे उरकता येईल काय, असा प्रश्न काही जणांना पडला. ब्रिटनमधील ड्युगल्ड क्लर्क यांनी तसे इंजिन केले. परंतु त्याला ताजी हवा भरण्यासाठी एक वेगळा पंप जोडावा लागे. 1889 च्या सुमारास बाथ या गावचे जोसेफ डे यांना एक नामी युक्ती सुचली. दट्ट्याच्या खाली क्रँक जिच्यात फिरतो, ती पेटी तर असतेच. तीच चारही बाजूंनी हवाबंद केली, तर वेगळा पंप कशाला हवा? दट्ट्या वर गेला, की खाली पेटीत पोकळी होऊन ती इंधनमिश्रित हवा आत ओढील; दट्ट्या खाली आला, की पेटीतील हवा दाबली जाईल आणि बाजूच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरेल. पुढे 1892 साली त्यांच्याच कारखान्यातील फ्रेडरिक कॉक यांनी, सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या पाडून त्या दट्ट्याच्याच अंगाने उघडझाप होतील, अशी रचना केली. झडपा गेल्या, त्यांचे दांडे गेले, स्प्रिंगा गेल्या. उरला एक दट्ट्या आणि तीन खिडक्या. दट्ट्याच्या वरच्या बाजूला मिश्रण जळत असते, त्याच वेळी त्याच्या खालच्या बाजूला पुढच्या वेळची तयारी चाललेली असते. माझ्या मते यंत्रविद्येतील इतकी काटकसरीची कल्पना दुसरी क्वचितच सापडेल.

या काटकसरीमुळेच असे इंजिन हलके, स्वस्त व लहान होते आणि माणसाला ते पाठीवर घेता येते. 1972 साली अहमदनगर येथील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कायनेटिक इंजिनिअरिंग या कारखान्याने लूना नावाची पायंडल असलेली छोटी गाडी काढली. पन्नास घन सेंटीमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन असलेल्या या गाडीवरून दुधाच्या कॅन, भाजीच्या पाट्या आणि कधी कधी सारे कुटुंब महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत फिरले. तुमच्या आजीआजोबांना विचारा. ते तिची नक्कल आवाजासकट करून दाखवतील.

पण काटकसरीची किंमतही असतेच. पेटीतून सारखी हवा खेळत असल्यामुळे तीत वंगणाचे तेल साठवून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. ते पेट्रोलबरोबर आत जाते, वाटेत सर्व भागांना वंगण देते आणि शेवटी जळून जाते. टू-स्ट्रोकच्या मागे जो निळसर धूर दिसतो, तो या तेलाचा. शिवाय थोडे ताजे मिश्रण न जळताच धुराबरोबर निसटते. याच कारणांमुळे 2000 सालानंतर धुराचे नियम कडक होत गेले, तशा टू-स्ट्रोक स्कूटर व मोटारसायकली भारतातील रस्त्यांवरून मागे पडल्या.

आता पुन्हा दुकानात येऊ. मिस्त्री नातीला म्हणाले, “हे बघ ताई, इंजिनाला तीनच गोष्टी लागतात. दाब, ठिणगी आणि इंधन. यांतलं काय नाही, ते आधी शोधायचं. सगळं एकदम खोललं, की खरा आजार कोणता होता ते कधीच कळत नाही.”

त्यांनी प्लग काढला, त्या भोकावर अंगठा ठेवला आणि दोरी ओढली. अंगठा उडायला हवा होता; तो जेमतेम हलला. दाब कमी होता. मग आजोबांना व नातीला लांब उभे करून, पेट्रोलची टाकी पार दुकानाबाहेर ठेवून, त्यांनी प्लगचे अंग इंजिनाला टेकवले व पुन्हा दोरी ओढली. ठिणगी दिसलीच नाही. पेट्रोल आणि ठिणगी एकाच ठिकाणी असली म्हणजे काय होते, हे सांगायला नको. म्हणून हा प्रयोग मुलांनी स्वतः मुळीच करायचा नसतो.

ठिणगीचे कारण लवकर सापडले. इंजिनाच्या एका बाजूला लोहचुंबक बसवलेले चाक असते. ते पुलरने ओढून काढल्यावर आत ‘सीबी पॉइंट’ दिसले. हे दोन लहान धातूचे ठिपके एकमेकांपासून नेमक्या क्षणी दूर होतात, तेव्हाच प्लगमध्ये ठिणगी पडते. इतक्या वर्षांच्या दमट हवेने त्यांच्यावर करडा थर धरला होता. मिस्त्रींनी तो बारीक पॉलिश पेपरने काढला. मग पोलादाच्या पातळ पट्ट्यांचे फिलर गेज घेऊन दोन ठिपक्यांमधील फट 0.4 मिलिमीटर ठेवली. हे इंजिन भर वेगात मिनिटाला सहा हजारांहून अधिक फेऱ्या घेते. म्हणजे सेकंदाला शंभर ठिणग्या! एवढ्या घाईत केसभर फटीचाही हिशेब लागतो.

इंधनाची वाट मात्र पार बुजली होती. टाकीत राहिलेले पेट्रोल केव्हाच उडून गेले होते आणि मागे मधासारखा चिकट राप राहिला होता. पेट्रोल व हवा यांचे योग्य मिश्रण करणारा भाग म्हणजे कार्बुरेटर. त्यातील जेट नावाच्या पितळी भागाला सुईच्या टोकाएवढे भोक असते. ते रापाने बंद झाले होते. नातीने चटकन एक तार पुढे केली.

“तारेनं नको,” मिस्त्री म्हणाले. “पितळ मऊ असतं. भोक एवढंसं मोठं झालं, तरी इंजिन जास्त पेट्रोल पिऊ लागतं, आणि मोठं झालेलं भोक काही लहान करता येत नाही.”

त्यांनी जेट रात्रभर कार्बुरेटर धुण्याच्या द्रवात बुडवून ठेवला आणि सकाळी हवेच्या झोताने साफ केला. जुन्या रबराच्या नळ्या बोटाने चुरल्या जात होत्या. त्या सर्व बदलल्या. आता तर हे अधिकच जरुरीचे झाले आहे. 2025 सालापर्यंत आपल्या देशातील पेट्रोलमध्ये सुमारे 20 टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या जातीच्या रबराला ते मानवत नाही.

राहिला दाब. त्यासाठी सिलिंडर उतरवावा लागला. धूर बाहेर जाण्याची खिडकी काजळीने निम्मी बुजली होती. मिस्त्रींनी ती काजळी बांबूच्या चिपेने खरवडली. पोलादाच्या हत्याराने दट्ट्याला ओरखडे पडले असते. दट्ट्याच्या खाचांमध्ये दोन बारीक कड्या असतात. त्यांना रिंगा म्हणतात. दट्ट्या आणि भिंत यांमधून दाब निसटू नये, हे त्यांचे काम. एक रिंग काजळीत घट्ट रुतून बसली होती. दुसरी काढून मिस्त्रींनी नुसतीच सिलिंडरमध्ये सरळ बसवली आणि तिच्या दोन टोकांमधील फट मोजली. ती पाऊण मिलिमीटरच्या वर भरली. नव्या रिंगेत ती याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीही नसते. सिलिंडरची भिंत मात्र गुळगुळीत होती. तिच्यावर खोल चरे असते, तर ती बोअर करून मोठा पिस्टन टाकावा लागला असता आणि मग खर्चाचा विचार पुन्हा करावा लागला असता.

नव्या रिंगा बसवताना मिस्त्रींनी नातीला दट्ट्याच्या खाचेतील एक इवलीशी खुंटी दाखवली. रिंगेची दोन टोके या खुंटीपाशीच ठेवावी लागतात. रिंग खाचेत फिरू लागली आणि तिचे टोक भिंतीच्या एखाद्या खिडकीत अडकले, तर रिंग मोडते व सिलिंडरही खराब होतो. दट्ट्याच्या माथ्यावर एक बाण कोरलेला होता. तो धुराच्या खिडकीकडे करून त्यांनी सिलिंडर हळूच खाली सरकवला.

तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू झाले. दोरीच्या दुसऱ्याच ओढीला ते भरभरले, निळा धूर दुकानभर पसरला आणि आजोबांच्या चेहऱ्यावर हसू आले. पण मिस्त्री हसले नाहीत. ते मान तिरपी करून ऐकत होते. मिनिटभर इंजिन ठीक चालले. मग कोणी हात न लावताच त्याचा वेग वाढू लागला. आवाज चढत चढत किंचाळल्यासारखा झाला. मिस्त्रींनी चोक ओढला, म्हणजे हवेची वाट अडवली. वेग खाली आला. चोक सोडताच पुन्हा चढला. त्यांनी इंजिन बंद केले.

“चालतंय की!” आजोबा म्हणाले. “वेगात आहे तर बरंच आहे. नवती फुटायला लागली आहे. उद्याच नेतो.”

“नेऊ नका आबा,” मिस्त्री शांतपणे म्हणाले. “हे जोरात चालत नाही, उपाशी चालतंय. दोन टाक्या फवारून होतील आणि पिस्टन धरेल.”

असे ते का म्हणाले, हे आपल्याला ताडता येईल. हवा अडवल्यावर इंजिन सुधारते, याचा अर्थ त्याला हवा प्रमाणाबाहेर मिळत होती आणि त्या मानाने पेट्रोल कमी पडत होते. असे मिश्रण फार तापट जळते. आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. कारण ते पेट्रोलमधूनच येते. एकीकडे उष्णता वाढते आणि दुसरीकडे वंगण घटते. अशा वेळी दट्ट्या फुगून भिंतीला चिकटतो. मग केलेली सारी दुरुस्ती वाया जाते. पण कार्बुरेटर तर स्वच्छ होता, जेट मोकळा होता. तेव्हा ही जादा हवा कार्बुरेटरमधून येत नव्हती. ती दुसरीकडूनच कोठून तरी शिरत होती.

मिस्त्रींनी पेट्रोल काढून घेतले, चुंबकाचे चाक व पंखा उतरवला आणि हवा येण्याची व धूर जाण्याची वाट रबराचे तुकडे लावून बंद केली. दट्ट्या अगदी खाली आणून प्लगच्या भोकाला एक नळी जोडली व सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरली. मग साबणाचा फेस घेऊन ते एकेका सांध्याला लावू लागले. कार्बुरेटरचा सांधा ठीक होता. सिलिंडरच्या बुडाचा सांधाही ठीक होता. क्रँकचा दांडा जेथे पेटीतून बाहेर येतो, तेथे चाकाच्या बाजूला फेस लावला मात्र, भराभर बुडबुडे येऊ लागले. सायकलचे पंक्चर तुम्ही पाण्यात पाहता, अगदी तसे.

तेथे ऑइल सील नावाची रबराची एक कडी असते. दांड्याला फिरू द्यायचे, पण हवा जाऊ-येऊ द्यायची नाही, हे तिचे काम. इतकी वर्षे कोरड्या आखाड्यावर राहून ती पापडासारखी कडक झाली होती. विहिरीवरच्या इंजिनात अशी कडी गळाली, तर खाली तेलाचा डाग पडतो आणि दोष उघड दिसतो. येथे मात्र क्रँकची पेटी हेच इंजिनाचे फुप्फुस आहे. त्याला पडलेले भोक ना डाग दाखवते, ना थेंब. म्हणूनच पुष्कळ जुनी टू-स्ट्रोक इंजिने नवे प्लग व नवे कार्बुरेटर घालूनही सुधारत नाहीत आणि अखेर भंगारात जातात.

जुन्या सीलवर तीन आकडे होते: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. नातीने ते कागदावर उतरवले. बेअरिंगच्या दुकानात तोच कागद दाखवल्यावर दोन्ही बाजूंचे सील लगेच मिळाले. पंपाच्या सर्व सुट्या भागांत हाच सर्वांत स्वस्त होता.

मग मिश्रण ठरवण्याचे काम आले. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत 25 भाग पेट्रोलला 1 भाग तेल असे लिहिले होते. “म्हणजे एका लिटरला किती?” मिस्त्रींनी विचारले. नातीने मनातल्या मनात भागाकार केला आणि सांगितले, “चाळीस मिलिलिटर.” मिस्त्रींनी मापाच्या बाटलीत पाहून तेवढेच तेल घातले आणि कॅन हलवून दोन्ही एकजीव केली.

इंजिन पुन्हा सुरू झाले. या वेळी मिस्त्रींनी त्याला पाच मिनिटे नुसते तापू दिले, कारण थंड इंजिनावर बसवलेला सूर तापल्यावर टिकत नाही. मग ते मिश्रणाचा स्क्रू थोडा थोडा फिरवू लागले. एका बाजूला फिरवला, की आवाज जड व घोगरा होई; दुसऱ्या बाजूला फिरवला, की तो पातळ व चढा होई. तंबोरा जुळवणारा माणूस जसा खुंटी पिळून पुन्हा किंचित सैल करतो, तसे त्यांचे चालले होते. सर्वांत मोकळा आवाज जेथे लागला, तेथून त्यांनी स्क्रू जरासा जड बाजूकडे परत आणला आणि हात काढून घेतला. आता इंजिन हळू वेगातही न अडखळता चालू लागले आणि वेग सोडताच निमूटपणे खाली येऊ लागले.

“पहिली टाकी अर्ध्या वेगानं चालवा,” मिस्त्री आजोबांना म्हणाले. “रिंगा नव्या आहेत, त्यांना भिंतीशी ओळख करून घेऊ द्या. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि कार्बुरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. आणि आबा, तोंडाला नुसता रुमाल बांधून चालणार नाही. मुखवटा, हातमोजे आणि चष्मा घ्या.”

शेवटी त्यांनी गरम प्लग काढून नातीच्या हातातील फडक्यावर ठेवला. प्लगचे टोक काळे व ओले असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त. पांढरे फटक असेल, तर कमी. नातीने तो उजेडाकडे धरून निरखून पाहिला.

“विटेसारखा तपकिरी आहे,” ती म्हणाली.

“मग स्क्रूला आता कोणी हात लावायचा नाही,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी प्लग परत घट्ट बसवला आणि पोते झटकून आजोबांच्या हाती दिले. अंबडची एसटी सुटायला अजून वीस मिनिटे होती.